गालातली हवा

हळू फुंकर घातली की मेणबत्तीची ज्योत आधी वातीपाशी निळी होते, मग आडवी कलते आणि फुंकर संपली की पुन्हा उभी राहते. काचवाल्याच्या पुढ्यातली ज्योत कललीच नाही. फट्‌कन विझली.

“काका, विझवायची नाही,” व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली. “ओठ आवळून, सावकाश. आत अडकलेली हवा बाहेर यायला वेळ द्या.”

“मला फुंकायला शिकवतेस? प्रयोगशाळांचे चंबू फुगवण्यात आयुष्य गेलं माझं.”

“आणि उरलेलं सिगारेटी फुंकण्यात,” शेजारच्या व्यायामाच्या सायकलवरून निवृत्त ड्रायव्हर म्हणाला. इस्पितळाच्या त्या खोलीत सगळेच धापा टाकणारे. हसले तेही बेतानेच.

काचवाल्याने तोंड फिरवलं. मालकाने बजावलं होतं, महिनाअखेर मोठा चंबू सरळ उतरवून दाखव, नाहीतर तुझा बर्नर माझ्या भाच्याला. म्हणून तर तो इथे येत होता. सिगारेटचं मात्र ‘बघू’ म्हणत त्याने डॉक्टरला, बायकोला, लेकीला वर्षानुवर्षं झुलवलं होतं. आता ‘सोडली’ असं सांगून कारखान्याच्या मागच्या जिन्यात ओढत होता.

“हा बघ प्राणवायू, कसा झकास आहे,” त्याने प्राणवायू मोजायचा चिमटा लावलेलं बोट पुढे केलं.

“धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात बसला की चिमट्याला तोही प्राणवायूच वाटतो.” मुलीने नळी लावलेलं एक छोटं यंत्र आणलं. “हे श्वासातला तो धूरच मोजतं, फसत नाही. श्वास रोखा, मग यात फुंका.”

त्याने फुंकलं. आकडा जेमतेम हलला.

“झालं समाधान?”

कोपऱ्यात बसलेली त्याची बायको उठली. “पोरी, ही गालातली हवा आहे. नाकाने श्वास चालू, तोंडाने फुंक चालू, ही ह्यांची कारखान्यातली सवय. घरी रुसले तरी गाल तसेच.” तिने त्याच्यासमोर उभं राहून दोन्ही तळव्यांनी त्याचे गाल दाबून धरले. “अहो, आता फुंका.”

हात झटकणं सोपं होतं. पण ड्रायव्हर टक लावून बघत होता. काचवाल्याने फुंकलं. या वेळी श्वास खालून आला, शिट्टीसारखा वाजत, आणि अर्ध्यातच संपला. आकडा मात्र चढतच गेला. कुणी हसलं नाही.

बारीक नळ्या गालांवर निभतात. मोठा चंबू गालांना दाद देत नाही, तो छातीच मागतो. गेल्या खेपेला चंबू एका कुशीवर कलला तेव्हा त्याने गॅसच्या दाबाला शिव्या घातल्या होत्या. दाब ठीक होता, हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं.

“दमलेत ते,” मुलगी हळूच म्हणाली. “आज राहू द्या.”

“आजच कशाला, कायमचंच राहू दे,” बायको पिशवी उचलत म्हणाली. “मी मालकांना सांगते, बसवा तुमच्या भाच्याला.”

“तू काही सांगायचं नाहीस.”

त्याला पुढचं बोलायला थांबावं लागलं. श्वास जमेपर्यंत त्याने औषधाच्या पंपाच्या डबीतून सिगारेटचं चपटं झालेलं पाकीट काढलं आणि तिच्या पिशवीत टाकलं. मग खुर्ची मेणबत्तीपुढे ओढली.

“लाव गं पोरी ती परत. आणि त्या भाच्याला म्हणावं, दुसरं स्टूल शोध. माझ्या बर्नरवर मीच बसणार.” त्याने बायकोकडे बघितलं. “सिगारेट सोडली मी.”