बाबांची जरीब

मला चौकशा करायची खोड आहे. घरचे म्हणतात, प्रतिभापुढं शेंगदाणा ठेवला तरी ती विचारते, हा कोण्या शेतातला. म्हणू द्या. आदिलाबादच्या आमच्या विद्यापीठ केंद्राचं जुनं दगडी स्टेडियम दुरुस्त करायचं ठरलं, तवा डिझाईनवाल्या हर्षालीच्या मागं मीच लागली. पोरापोरींना इथं पळायला मीच शिकवते.

नकाशात वजनं उचलायची खोली होती, मालिशचं टेबल होतं, पोरींना कपडे बदलायला मात्र जागा नव्हती. मी विचारलं, "पोरी काय जैनथच्या बसमधूनच पोशाख करून येतीन?" तिनं लगेच नकाशात खोली काढली. जुन्या दगडी पायऱ्या राखायच्या, हे तिचंच म्हणणं होतं. मला ती पोरगी आवडली.

एक गोष्ट मात्र मला लई वर्षांपासून छळून राह्यली होती. आमच्या ट्रॅकवर कोणीच जोरात पळत नाही. तीच पोरं हैदराबादच्या ट्रॅकवर पळली की कमी वेळात येतात. कोणी म्हणे काळी माती पाय धरते, कोणी म्हणे इथलं पाणीच जड.

मीही याच ट्रॅकवर मागं राह्यली. वीस वर्षांमागं ज्यानं त्यानं आपल्या मैदानावर पळायचं अन् ठरल्या वेळेत आलं तर विद्यापीठाच्या संघात, असं होतं. आठशे मीटरात माई वेळ हुकली, अर्धा सेकंदही नाही. माझे बाबा, बाबाराव, या मैदानाचे शिपाई. ट्रॅक त्यांनीच मोजून आखलेला. घड्याळ पाहून ते म्हणाले, "शेवटच्या वळणावर ढिली पडली तू." बाबा खोटं बोलत नाहीत, म्हणून ते मला खरंच वाटलं. पण त्यांच्यावरचा राग कधी गेला नाही.

मागच्या महिन्यात हर्षालीनं मोजणी केली अन् कागद माझ्या हाती दिला. "मॅडम, तुमची फेरी चारशे मीटर नाही. एक मीटर साठ सेंटिमीटर जास्त भरते."

दोन फेऱ्यांचे सव्वातीन मीटर. तेवढं पळायला अर्धा सेकंद लागतो. मी तिथंच पायरीवर बसली. आधी संताप आला. मंग वाटलं, बाबांना सांगायचंच नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, सारा जन्म त्या चुन्याच्या रेघांवर गेला.

पण खोड कुठं जाते? घरी जाऊन विचारलंच, "बाबा, ट्रॅक तुमी कशानं मोजला होता?"

"जरिबीनं," ते म्हणाले अन् पलंगाखालून जमीन मोजायची लोखंडी साखळी ओढून काढली. "तहसीलवाल्यांनी टाकून दिली होती. वीस मीटरची. काऊन?"

मला खोटं सुचेना. "ट्रॅक जास्त भरून राह्यला, म्हणतात."

"लोखंड कुठं ताणते काय? चल, दाखवतो तुया त्या डिझाईनवालीला."

मैदानावर हर्षालीनं स्टीलचा टेप पसरला. बाबांनी शेजारी जरीब ताणली. तिचं टोक टेपच्या वीस मीटरपुढं चार बोटं गेलं. वर्षानुवर्षं शेतं मोजून कड्या झिजतात अन् साखळी लांबते, हे त्या पोरीनं हळूच सांगितलं.

बाबांनी ती चार बोटं आपल्या हातानं दोनदा मोजली. "फेरीला वीस जरिबा," ते पुटपुटले. "आठशेला चाळीस."

"जाऊ द्या ना बाबा. जुनी गोष्ट आहे."

त्यांनी ऐकलं नाही. चुना मागितला. शेवटच्या रेघेपासून टेपनं सव्वातीन मीटर मागं मोजले अन् तिथं वाकून नवी रेघ ओढली. रेघ सरळ आली.

"इथं संपली होती तुई शर्यत," ते म्हणाले. "ढिली नव्हती पडली तू. चूक माई होती."

मला रडू आलं, अन् मी ते लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला अन् ती रेघ खरवडून गेला. पण त्याआधी, बाबा पाहत असताना, मी चपला काढून तिच्यावर उभं राहून घेतलं होतं.