कमळ नर्सबाईंचा राजीनामा

कमळला निवडणुकीला उभं करायचं हे तिच्या दिराच्या, धनेशच्या, डोक्यात आलं ते आरक्षण जाहीर झालं त्याच दिवशी. जिल्हा परिषदेचा त्यांचा गट महिलांसाठी राखीव झाला होता. संध्याकाळी धनेश मिठाईचा पुडा घेऊनच घरात शिरला.

"वहिनी, ही जागा तुमचीच. दिघाशीपासून अंबाडीपर्यंत असा एक पाडा दाखवा, जिथं तुम्हाला कोणी वळखत न्हाय!"

त्यात खोटं काही नव्हतं. कमळ बावीस वर्षं आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. भातखाचरांच्या बांधांवरून लसींचा डबा खांद्याला अडकवून ती हिंडली होती. तिच्या हातावर जन्मलेल्या मुली आता स्वतःची बाळं घेऊन तिच्याकडे येत. धनेशची ओळख वेगळी होती. घरच्या जमिनीवर त्याने गोदामं बांधली, भाड्याने दिली, गाड्या घेतल्या. लोक त्याला नमस्कार करत, पण मत द्यायची वेळ आली की तोंड फिरवत. मागच्या खेपेला तो पडला होता.

"नोकरीत राहून उभं राहता येत न्हाय ना भावजी," कमळ म्हणाली.

"मग सोडा ना नोकरी! बावीस वर्षं झाली. तुमची पेन्शन कुठं पळते का?"

कमळने नवऱ्याकडे पाहिलं. बाळाराम धाकट्या भावाच्या शब्दाबाहेर कधी नव्हता. गोदामांची देखरेख तोच करायचा. "धनेशनं सगळी चौकशी केलीय," तो म्हणाला. "तू कशाला काळजी करते?"

खरं सांगायचं तर कमळलाही मोह पडला. इतकी वर्षं ती वरच्या साहेबांकडे साप चावल्याची लस मागत होती, पाण्याची टाकी मागत होती. आता मागायची गरज पडणार नाही, आपणच ठरवू, असं तिला वाटलं. धनेशने सांगितलं तसा तिने अर्ज लिहिला. 'घरगुती कारणास्तव नोकरीचा राजीनामा देत आहे.' दोघे भाऊ तो अर्ज घेऊन कार्यालयात गेले. तिला त्यांनी बाहेर गाडीतच बसवलं. "वहिनी, आत गर्दी हाय, तुम्ही बसा आरामात," असं धनेश म्हणाला. परत येताना बाळाराम तिच्याशी काहीच बोलला नाही. पण तो एरवीही कमीच बोले.

राजीनामा मंजूर झाला आणि कमळ प्रचाराला लागली. धनेशची बायको, म्हणजे कमळची जाऊ मृणाली, तिच्या बाजूला उभी असे, डोक्यावर पदर घेऊन, हसतमुख. धनेश म्हणे, "बाईमाणसाला सोबत पाहिजे." दारोदारी बायका कमळचा हात धरत. "नर्सबाय, तुमच्या घराला मत न्हाय देणार तं कोणाला देणार?" एका पाड्यावरची म्हातारी हौसा तर तिच्या पाया पडायला वाकली, तेव्हा कमळने तिला वरच्यावर उचललं.

निवडणुकीचे अर्ज दोघींनी भरले. एक बाद झाला तर दुसरा असावा, असं धनेशचं म्हणणं. मग पक्षाची उमेदवारी मृणालीच्या नावाने आली.

कमळला आधी वाटलं, काहीतरी चूक झाली. तिने धनेशला विचारलं, तेव्हा तो मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाला, "वरून ठरला वहिनी. माझ्या हातात काय हाय? तुमचा अर्ज डमी होता समजा. घरातली एक निवडून आली म्हणजे झाला."

त्या रात्री तिला समजलं की तिला उभं करायचं कधी ठरलंच नव्हतं. नोकरीत असती तर ती मृणालीसाठी दारोदार फिरू शकली नसती. तिला फक्त नोकरीतून मोकळी करायची होती.

मृणाली भरपूर मतांनी निवडून आली. गुलाल कमळच्या दारापर्यंत उडाला.

निदान पेन्शन तरी मार्गी लावावी म्हणून ती एकटीच कार्यालयात गेली. आस्थापनेचं काम बघणारे माधव लेले तिला फार वर्षांपासून ओळखत. तिला बघून ते खुर्चीतून उठलेच.

"सिस्टर, बसा. पेन्शनसाठी आलात?"

"हो. कागद कुठले लागतील?"

लेल्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही? राजीनामा दिला की मागची सगळी सेवा जाते. तुमच्या पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी मिळेल, तो तुमचाच आहे. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. तुमच्या मागे यजमानांनाही काही नाही."

"पण माझी बावीस वर्षं झाली."

"म्हणून तर! वीस झाली की स्वेच्छानिवृत्ती मागता येते. तीन महिन्यांची नोटीस लागते. मुदत कमी करून मागता आली असती. साहेबांनी दिली असती की नाही, सांगता येत नाही. पण मागता आली असती."

"मला माहीत नव्हता..." कमळचा आवाज खाली गेला.

"सिस्टर, मी आधी अर्ज हातातच घेत नव्हतो. तुमच्या दिरांना म्हटलं, ही चूक करू नका, शब्द बदलून आणा. ते म्हणाले, नोटिशीत निवडणूक निघून जाईल. तुमचे यजमान शेजारीच उभे होते. मी त्यांनाही म्हटलं, बाईंना आत बोलवा, मी समजावतो. ते म्हणाले, तिला माहीत आहे सगळं."

घरी आली तेव्हा बाळाराम ओट्यावर बसला होता. ती चपला काढायलाही थांबली नाही.

"लेल्यांनी तुम्हाला सांगितला व्हता?"

त्याने ते नाकारलं नाही. "धनेश म्हणाला, गोदामाचा भाडा येतोय, पेन्शनचा काय करायचाय?"

"गोदाम धनेशभावजींच्या नावावर हाय. पेन्शन माझ्या नावावर होती."

"भावाला चार लोकांत खोटा कसा पाडू?"

"मला पाडलात ना," कमळ म्हणाली. "मी बाहेर गाडीत होते. दहा पावलांवर. दिरानं फसवला ह्याचा मला एवढा काय वाटत न्हाय. तो परका. तुम्ही मुकाट गाडीत येऊन बसलात."

राजीनामा मागे घ्यायचा अर्ज तिने केला. त्याला सबळ कारण लागतं, आणि निवडणुकीसाठी नोकरी सोडणं हे कारण कोणी धरलं नाही. तिच्या जागी दुसरी नर्सही आली होती.

कमळने शहरात, कामतघरला, चाळीत एक खोली घेतली आणि एका खाजगी दवाखान्यात ड्युटी धरली. खाली दिवसभर कापडाचे लूम खडखडत. दवाखान्यातल्या पोरसवदा नर्स तिला आधी काम शिकवू लागल्या, मग तिच्याकडून शिकू लागल्या. मृणालीने लसीकरणाच्या कार्यक्रमाचं आमंत्रण पाठवलं, व्यासपीठावर खुर्ची ठेवते म्हणाली. कमळ गेली नाही.

एका दुपारी बाळाराम आला. घरच्या वालाच्या शेंगा पिशवीत होत्या. "आई विचारते तुला," तो म्हणाला. "लोक काय काय बोलतात. घरी चल आता. झाला ते झाला."

कमळने त्याला चहा दिला. तो प्यायला. ती उत्तर देईल म्हणून तो कप हातात धरून बसला होता. तिने शिफ्टची साडी नेसली, डबा भरला आणि किल्ली हातात घेतली.

"उठा," ती म्हणाली. "मला कुलूप लावायचंय."