जिन्याखालची चारचाकी

रविवारी सकाळी दीपाली गायकवाड बाळाला तेल लावून खिडकीतल्या उन्हात बसली होती. तिच्या सासूबाई कांताबाई अंघोळीचं पाणी काढत होत्या. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर अध्यक्ष उत्तरेश्वरराव यांचा मेसेज आला. तिसऱ्या मजल्यावरील भाडेकरूंनी आपल्या चारचाकीचे पार्किंग शुल्क मागील तारखेपासून भरावे, असं त्यात लिहिलं होतं. तिचा नवरा प्रज्ञेश याने तो मोठ्याने वाचला आणि हसला. घरात वाहन म्हणावं अशी एक जुनी मोटारसायकल होती.

नंबर चुकला असेल म्हणून तो दुसऱ्या मजल्यावर गेला. उत्तरेश्वरराव पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा वर केला, पण खुर्ची दाखवली नाही.

"काका, आमच्याकडे चारचाकी नाहीये."

"मग जिन्याखाली उभी असते ती किती चाकी आहे?"

जिन्याखाली उभी होती बाळाची बाबागाडी. इमारतीला लिफ्ट नाही. दीपालीचं सिझेरियन झालेलं. बाळ आणि गाडी दोन्ही घेऊन तीन मजले चढणं तिला शक्य नव्हतं, म्हणून गाडी खाली राहायची. तिच्या शेजारीच दुसरी बाबागाडी असायची. ती उत्तरेश्वररावांच्या नातवाची.

"आणि ती?" प्रज्ञेशने विचारलं.

"ती घरची आहे," उत्तरेश्वरराव म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं.

ही इमारत वाघोलीतली. घरमालक संतोषराव शनिवार पेठेत राहतात. वर्षभरापूर्वी घर दाखवताना त्यांनी विचारलं होतं, "गायकवाड म्हणजे कुठले?" आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच म्हणाले होते, "बडोद्याकडचे का?" वर हसले होते. आपल्याच विनोदावर खूश असलेल्या माणसाला थांबवू नये, एवढी समज प्रज्ञेशला त्याआधी नकार मिळालेल्या घरांनी दिली होती. तो गप्प राहिला. किल्ली मिळाली.

वर्षभर सगळं छान चाललं. उत्तरेश्वररावांची सून सृष्टी दीपालीला मेथीच्या लाडवांची कृती सांगायची, बाळंतपणात डबाही देऊन गेली. मग बाळाचं नामकरण झालं. हॉलमध्ये बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर मांडली, त्रिशरण-पंचशील झालं, बाळाचं नाव सम्यक ठेवलं. सृष्टी दारात आली, तसबीर पाहिली आणि खिरीची वाटी हातात न घेताच म्हणाली, "आज माझा उपवास आहे." तो उपवास कोणत्या देवाचा होता ते कालनिर्णयातही सापडलं नसतं. पुढच्याच रविवारी बाबागाडी चारचाकी झाली.

प्रज्ञेशने संतोषरावांना फोन केला. त्यांनी आधी सांगितलं की त्यांच्या मनात तसलं काही नसतं. त्यांच्या ऑफिसात सगळ्या प्रकारचे लोक आहेत आणि ते सगळ्यांबरोबर चहा पितात. मग त्यांनी आठवण करून दिली की करार संपत आलाय आणि सोसायटीला नाराज करून तो पुढे वाढवणं त्यांना जड जाईल.

सगळं तिथेच अडलं होतं. दीपालीची रजा संपत होती. खराडीतलं तिचं ऑफिस जवळ, पाळणाघर समोरच्या गल्लीत. हे घर गेलं तर पुन्हा दारोदार तोच प्रश्न, गायकवाड म्हणजे कुठले. रात्री बाळ दुधासाठी उठलं की ती हाच हिशोब पुन्हा पुन्हा मांडायची, आणि खाली कुणाच्या पावलांचा आवाज आला की गाडीला कुणी हात तर लावत नाही ना, म्हणून कान द्यायची.

शुल्काबद्दलच्या प्रज्ञेशच्या तक्रारीचा निकाल लावायला पार्किंगमध्ये सभा भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सोसायटीतले झाडून सगळे आले, कारण चहा होता. उत्तरेश्वरराव त्या दिवशी फार उदार झाले होते. त्यांनी जाहीर केलं की लहान बाळाचा विचार करून शुल्क संपूर्ण माफ करण्यात येत आहे. गाडीसाठी मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांपलीकडे, स्वतंत्र जागा झाडून ठेवली आहे. स्वतंत्र या शब्दावर त्यांनी असा जोर दिला, जणू बक्षीसच देत होते.

प्रज्ञेशने सुटकेचा श्वास घेतला. कांताबाई बाळाला मांडीवर घेऊन मागे बसल्या होत्या. त्या सुनेच्या कानाशी वाकल्या.

"घे मान्य करून. काय जाते आपलं? गाडीच तं ठेवाची हाय. पोराले थोडीच समजते कुठं ठेवली थे."

"आज नाही समजत, आई," दीपाली म्हणाली. "बोलायला लागला की तोच विचारेल."

ती उभी राहिली. तिने समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"काका, मला माफी नको. शुल्क लावा. मोटारीला लावता तेवढं लावा, पण दोन्ही बाबागाड्यांना. आणि जागा एकच ठेवा."

"अहो, जागेचा प्रश्नच नाही. आपण उगाच भावनिक होताय."

"मग प्रश्न कशाचा आहे?"

उत्तरेश्वररावांनी चहाचा घोट घेतला.

"आम्ही बौद्ध आहोत," दीपाली म्हणाली. "संतोषकाकांनी वर्षापूर्वी विचारलं होतं, तेव्हा आमचं उत्तर राहून गेलं. ते आज दिलं. माझ्या मुलाची गाडी कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. कुणाची तरी मान जराशी हलली, तेवढंच.

"बरं. ती आहे तिथेच राहावी असं वाटणाऱ्यांनी करा."

तेव्हाही एकही हात वर झाला नाही. आयटीतली मुलं, निवृत्त अधिकारी, प्राध्यापिका, दर रविवारी टेकडीवर झाडं लावणारं दांपत्य, सगळ्यांचे हात चहाच्या कपात गुंतले होते. त्यातला एकही माणूस वाईट नव्हता, त्यांना विचारलंत तर तेही हेच सांगतील. सृष्टी मोबाइल पाहत होती. त्याचा पडदा काळा होता.

दोन दिवसांनी संतोषरावांचा फोन आला. घर त्यांच्या भाच्याला लागणार होतं. या भाच्याचा जन्म बहुधा सभेच्या संध्याकाळीच झाला असावा, कारण त्याआधी त्याचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. प्रज्ञेशने फोन खाली ठेवला. मग म्हणाला, "बघू दुसरीकडे. या वेळी मी आधीच सांगेन." दीपालीने मान हलवली. काळजी गेली नव्हती, पण सभेनंतर पहिल्यांदाच तिला त्याच्याकडे नीट पाहता येत होतं.

घर सोडेपर्यंत तिची गाडी जिन्याखालीच राहिली. शुल्क कुणी मागितलं नाही. फक्त शेजारची गाडी दिसेनाशी झाली. सम्यकच्या गाडीशेजारी आपली गाडी लागू नये म्हणून उत्तरेश्वरराव नातवाची गाडी रोज उचलून दुसऱ्या मजल्यावर नेऊ लागले.

एका संध्याकाळी दीपाली बाळाला कडेवर घेऊन उतरत होती. पहिल्या मजल्यावर उत्तरेश्वरराव गाडी पायरीवर टेकवून उभे होते. त्यांचे गुडघे दुखतात हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. कपाळावर घाम होता.

"काका, एका हाताने धरू का?"

त्यांनी गाडी झटकन भिंतीकडे ओढून घेतली, इतकी की भिंतीचा रंग खरवडला गेला.

"नको, नको. आपण कशाला त्रास घेता?" ते म्हणाले. अहो-जाहो अगदी बिनचूक होतं.

ती खाली गेली.

आमच्याकडे असलं काही चालत नाही, असं सांगणाऱ्यांनी आपल्या सोसायटीच्या जिन्याखाली एकदा पाहून यावं. कुणाची गाडी तिथे कधी लागलीच नाही, आणि का, हे ज्याचं त्याने स्वतःला विचारावं.