तीनशे उलटी पत्रकं

मुलगी सत्तावीस वर्षांची झाली की घरी येणारा पाहुणा आधी पाणी मागतो आणि मग विचारतो, "कुठं जमलं का?" घोलवडच्या विजयमालाकाकूंनी या प्रश्नाची उत्तरं पाठच केली होती. नोकरी नवीन आहे. पत्रिका दिल्यात. पण लेकीने, मयुराने, सगळ्यावर पाणी फिरवलं. तिने नाटक लिहिलं, दोन मुलींच्या प्रेमाचं. डहाणूच्या बंद भातगिरणीत चौकटीबाहेरच्या नाटकांचा महोत्सव भरणार होता. त्यात पुढच्या शनिवारी पहिला प्रयोग. पत्रकावर छापलं होतं, 'ही माझी स्वतःची गोष्ट आहे. – मयुरा.'

घरी तिने हे दिवाळीतच सांगितलं होतं. काकू तेव्हा म्हणाल्या होत्या, "बरं, जेवून घे." त्यानंतर तो विषय निघाला नाही.

तीनशे पत्रकांचा गठ्ठा ठेवून मयुरा तालमीला निघाली. "आई, सदूच्या टेम्पोतून डहाणूला पाठव हं. दुकानांत वाटतील. आणि तू येशील ना?"

"बघू."

बघू म्हणजे नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

काकूंनी गठ्ठा चुलीपर्यंत नेला. पण लेकीचं नाव जाळायला हात धजेना. मग त्या आपल्या चिकूच्या वाडीतल्या शेडमध्ये गेल्या. तिथे बायका चिकू निवडून खोक्यांत भरत होत्या.

"निर्मला, रद्दी संपली म्हणत होतीस ना? हे घाल तळाला. छापलेली बाजू खाली."

कैनाडची निर्मला पंधरा वर्षं या वाडीत खोके भरत होती. तिने पत्रक वाचलं. "काकी, हा तं मयुतायचा नाव हाय."

"म्हणूनच."

"लपवताव?"

"गावात तोंड मला दाखवायचंय, तुला नाही."

निर्मलाने हातातला चिकू पुसून खाली ठेवला. "पोरीनं चोरी केली असती तं तुमी वकील केला असता. इथं तिनं निसता खरा सांगला, तं तुमी तिला चिकूखाली घालताव."

काकूंनी गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. त्या म्हणाल्या, "हात चालव."

तीनशे खोके निघाले. काही तलासरीला, काही सुरतेला, काही नाशकाला. काकूंना वाटलं, मिटलं.

पण पत्रकाची शेवटची ओळ त्यांनी वाचलीच नव्हती. जागा राखण्यासाठी फोन करा, असं लिहून खाली त्यांचाच नंबर होता. तालमीत मयुराचा फोन बंद असे. तिने आईचा दिला होता, न विचारता. आईचा नंबर देताना कोण विचारतं?

तिसऱ्या दिवशी फोन वाजला.

"बेन, तलासरीहून लाहू बोलतो. फळाची गाडी हाय माझी. खोका रिकामा केला तर खाली कागद निघाला. दोन जागा ठेवा. मी आन माझा छोकरा. तीन वरस झाले, वापीला राहतो. असाच हाय तो, या कागदातल्या पोरींसारखा. मीच बोललो होतो, घरी येऊ नको. आता नाटकाला चल सांगतो. दुसरं काय बोलायचं, मला येत नाय."

काकूंनी वहीच्या कोऱ्या पानावर लाहूचं नाव लिहिलं.

मग फोन येतच राहिले. सुरतेच्या एका नर्सचा. तलासरीच्या दोन शिक्षकांचा. एक फोन नाशकाहून आला, दबक्या आवाजातला. "मावशी, खरंच असं नाटक आहे?"

"आहे."

"त्या लिहिणाऱ्या मुलीच्या घरी चालतं?"

"मी तिची आई बोलतेय."

"आई?" ती पोर म्हणाली. "आईच फोन घेते? मग माझी जागा ठेवा. कशीही येते."

काय ही किमया! जन्मभर काकूंनी गावोगाव चिकू पाठवले. पण ते खोके उघडणाऱ्या हातांच्या घरातही एक न निघालेला विषय असतो, हे त्यांच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं. शुक्रवारपर्यंत एक्केचाळीस नावं झाली. काकू ते पान पुन्हा पुन्हा वाचत.

शनिवारी दुपारी त्यांनी डहाणूच्या गिरणीत जाऊन ते पान मयुराच्या हातात ठेवलं.

"आई, सदूला तर पत्रकं मिळालीच नाहीत म्हणे. मग ही नावं कुठून आली?"

"मी खोक्यांत घातली. उलटी."

मयुराचा चेहरा उतरला. "माझी लाज वाटली?"

"हो. आता माझी वाटते."

मयुराने यादी वाचली, पुन्हा वाचली, आणि तिथेच गिरणीच्या पायरीवर आईला टेकून बसली.

संध्याकाळी दारावर काकूच उभ्या राहिल्या. इस्त्रीचा शर्ट घातलेला लाहू आला. मागे दोन हातांवर त्याचा मुलगा, एकमेकांकडे न बघता. काकू म्हणाल्या, "या. मी मयुराची आई." इतकं मोठ्याने त्या हे कधीच बोलल्या नव्हत्या.

मंडळी, लेकरू आपल्याला खरं सांगतं, तेव्हा ते आपली अब्रू घेत नाही. आपल्यावर विश्वास टाकतं. तो झेलायला हात मोकळे ठेवले पाहिजेत, बस्स.

तिसरी घंटा झाली. गिरणीत काळोख झाला. लाहू आणि त्याचा मुलगा एकाच बाकावर बसले होते. पुढे काय दिसणार, काकूंना ठाऊक नव्हतं. देवळाचं दार उघडताना बसावं तशा त्या हात जुळवून बसल्या, आणि अंधारातून लेकीचा आवाज आला.