खुर्चीखालचा फुकट पत्ता

साडूची वेबसाइट पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू? स्वच्छ पांढऱ्या पानावर त्यानं विणलेली वेताची खुर्ची, तिच्यावर खिडकीतलं तिरपं ऊन आणि वर आमच्या सासऱ्यांच्या कारखान्याचं नाव. खुर्ची बरी होती. एका कोपऱ्यात जाळी ढिली होती, पण ते फोटोत दिसत नाही. फोटोत काहीच दिसत नाही, म्हणून तर लोक हौसेनं फोटो काढतात.

वेत विणायला मी सासऱ्यांकडे लग्नाआधीपासून शिकलो. साडू नंतर आला, कुठल्याशा शोरूममधली विक्रीची नोकरी सोडून. पण त्यानं थोरलीशी लग्न केलं होतं, त्यामुळे मान त्याचा. सासऱ्यांनी काम थांबवल्यावर आम्ही दोन गल्ल्यांत दोन दुकानं थाटली आणि दोघांनीही त्यांचंच नाव लावलं. गिऱ्हाईक त्याच्याकडे जायचं, कारण तो गोड बोलतो. माझ्याकडे येणारे माझ्याच तोंडावर सांगायचे, "थोरल्यांकडे गर्दी होती, म्हणून म्हटलं इथे बघू."

"भाऊजींनी साइटसाठी ते नाव रीतसर घेतलंय," बायको म्हणाली. "दर वर्षी पैसे भरतात त्याचे."

"नाव काय भाड्यानं घ्यायचं असतं? मला फुकट मिळतंय."

आणि खरंच मिळत होतं, इंटरनेटवरच्या एका कंपनीकडून. नाव अगदी तेच, फक्त टिंबानंतरचं शेपूट वेगळं, आजवर कुणी न ऐकलेलं. त्याच नावावर ईमेलसुद्धा. बायकोनं चष्मा लावून स्क्रीनकडे पाहिलं.

"अटी वाचल्यात का?"

"अटी वाचणाऱ्या माणसाच्या हातून खुर्च्या विणून होत नाहीत," मी म्हणालो आणि भराभर खाली जाऊन चौकोनात खूण केली. मग माझ्याही खुर्च्यांचे फोटो चढवले. साडू पैसे मोजतो ते मला फुकटात मिळालं, या आनंदात त्या दिवशी मी जरा जास्तच जेवलो.

आता आमच्या धंद्यातली एक पद्धत सांगितली पाहिजे. सासऱ्यांनी ती घालून दिलेली. खुर्ची पुरी झाली की उलटी करायची, लोखंडी ठसा तापवायचा आणि बैठकीच्या लाकडी पट्टीवर खालून आपला पत्ता डागायचा. वेत काही वर्षांनी तुटतोच. मग मालक खुर्ची उलटी करतो, पत्ता वाचतो आणि काम पुन्हा आपल्याकडे येतं. साडूनं ठशात दुकानाच्या पत्त्याऐवजी वेबसाइटचं नाव घातलं. दुकान हलेल, नाव हलणार नाही, असं त्याचं म्हणणं. मग मीही नवा ठसा घडवून घेतला. त्याच्यापेक्षा मोठ्या अक्षरांचा. वर्षभरात माझ्या हातून गेलेल्या एकूण एक खुर्चीला ते फुकटचं नाव मी खोल डागलं.

नंतर गावातल्या मोठ्या वाचनालयाचं काम निघालं. वाचनकक्षातल्या सगळ्या खुर्च्या नव्यानं विणायच्या होत्या. ते काम मिळालं असतं तर साडूच्या सावलीतून मी कायमचा बाहेर आलो असतो. ग्रंथपाल बाईंनी आम्हा दोघांकडून नमुन्याची एकेक खुर्ची मागवली आणि कमिटीपुढे दोन्ही शेजारी ठेवल्या.

बाईंनी साडूच्या जाळीवर तळहात दाबला. मग माझ्या. परत माझ्या.

"ही जास्त घट्ट आहे," त्या म्हणाल्या.

मी साडूकडे पाहिलं. तो शांतपणे मान डोलावत होता. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"तुमची आधीची कामं कुठे बघायला मिळतील?"

"खुर्ची उलटी करा बाई," मी ऐटीत म्हणालो. "खालीच आहे पत्ता."

बाईंनी पत्ता वाचून समोरच्या कॉम्प्युटरवर टाइप केला. कमिटीतले म्हातारे खुर्च्या सरकवून पुढे झाले. स्क्रीन काळा झाला, मग लाल झाला. ढणढण संगीत सुरू झालं. फिरणारी नाणी, पत्ते, आणि अंगावर फारसं काही नसलेल्या दोन बाया जुगार खेळायला बोलावत होत्या. बाई बंद करायला गेल्या तशी आणखी चार पानं उघडली.

साडू उठला आणि त्यानं सरळ बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला.

"यांची साइट अशी नाही," तो कमिटीला म्हणाला. "कुणीतरी नाव पळवलेलं दिसतंय. माणूस सरळ आहे, मी सांगतो."

त्यानं माझी बाजू घेतली. त्या लाल बायांपेक्षा मला त्याचाच जास्त राग आला.

घरी आल्यावर बायकोनं त्या अटी काढून मोठ्यानं वाचल्या. नाव कंपनीच्याच मालकीचं राहील. पहिल्या वर्षानंतर, किंवा त्या नावावर वर्दळ वाढली तर, कंपनी ते न कळवता परत घेऊ शकेल आणि दुसऱ्या कुणालाही देऊ शकेल.

"म्हणजे ते तुमचं कधी नव्हतंच," ती म्हणाली. "तुम्ही खुर्च्या विकून गर्दी जमवलीत, आणि गर्दी जमल्यावर त्यांनी नाव विकलं."

नावाबरोबर ईमेलही गेला होता. कुणी काय विचारलं, कुणी काम द्यायचं म्हटलं, काही कळायला मार्ग उरला नाही. कंपनीला मी तीनदा लिहिलं, उत्तर नाही. उत्तर द्यायला तिथे कुणी माणूस होता की नाही, देव जाणे. इकडे एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला.

"अहो, वेत तुटला म्हणून आमच्या सासूबाईंनी तुमची साइट उघडली." मग त्यानं आवाज खाली आणला. "त्या अजून बोलत नाहीयेत आमच्याशी."

कागदाची चिठ्ठी असती तर सोलून काढली असती. डागलेलं लाकूड तासावं लागतं. मी घरोघरी फिरलो, लोकांच्या जेवणाच्या टेबलाखाली पाठीवर आडवा झालो आणि माझीच मोठी अक्षरं पॉलिश पेपरनं घासत बसलो. वरून घरातली मंडळी वाकून बघायची. कुणी चहासुद्धा विचारला नाही.

वाचनालयाचं काम अर्थात साडूला मिळालं. आठवड्याभरानं तो माझ्या दुकानात आला आणि वेत भिजवायच्या पिंपावर बसला.

"एवढं एकट्याला जमणार नाही. विणकाम तू कर. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे." मग त्यानं आपला ठसा काढून माझ्या पाटावर ठेवला. "फक्त डाग हा लागेल. कमिटीनं तशी अट घातलीय."

तो ठसा उचलून रस्त्यावर भिरकावून द्यावा असं वाटलं. आतल्या दारात बायको उभी होती. दुकानात दुसरं एकही काम नव्हतं.

"ठेवा," मी म्हणालो.

मी विणलं. हट्टानं विणलं, आजवर कधी विणलं नव्हतं असं, एकाही कोपऱ्यात बोट शिरणार नाही अशी जाळी. आणि प्रत्येक खुर्ची उलटी करून, ठसा लाल तापवून, तिच्यावर साडूचं नाव उठवलं.

काम सुपूर्द करताना बाई एका खुर्चीवर बसल्या, उठल्या, दुसरीवर बसल्या.

"काय हात आहे तुमचा!" त्या साडूला म्हणाल्या.

"माझा नाही," साडू म्हणाला. "सगळं विणकाम यांचं आहे. मी फक्त वेत आणला."

अखेर कुणीतरी चारचौघांत ते बोललं होतं. मी ताठ झालो, पुढे झालो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना त्या लाल पानाची आठवण झालेली स्पष्ट दिसली, आणि त्या समजूतदारपणे हसल्या.

"बघा," त्या मला म्हणाल्या, "किती मोठं मन आहे तुमच्या साडूंचं!"