पाद्रीबाईंचा पानगळीचा संग्रह

थर्झा हॅलोजच्या नवऱ्याचा देवावरचा विश्वास उडाला तो ऐन पानगळीत. एडमंड हॅलोज हा ऑल्डरकोम गावचा पाद्री. चुनखडीच्या खाणीत, डोंगराच्या पोटातून निघालेलं, लाखो वर्षांपूर्वीच्या समुद्रातलं एक दगडी शिंपलं त्याच्या हाती लागलं, आणि तेव्हापासून जगाच्या उत्पत्तीवर प्रवचन देताना त्याची जीभ अडखळू लागली. नोकरी सोडावी तर राहतं घरही चर्चचंच. म्हणून त्याने नोकरी ठेवली आणि कविता लिहायला घेतल्या.

कवितांत धुकं होतं, गळती पानं होती, रिकामं आभाळ होतं, आणि त्या सगळ्यात त्याचा हात धरून बसलेली एक भाविक बायको होती. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत नाचलेली; तेव्हा छापखान्यासाठी सगळं सुवाच्य उतरवून काढायचं काम थर्झाकडे आलं. तिला स्वतःला देवाबद्दल कधी शंका आली नव्हती. घर, कोंबड्या आणि गावातली आजारपणं यातून सवडच नव्हती.

पुस्तक लंडनमध्ये निघालं आणि तुफान चाललं. बायका ढसाढसा रडल्या. बिशपसाहेबांनी एडमंडला जेवायला बोलावलं आणि इतकी प्रामाणिक शंका ही श्रद्धाच होय, असं सांगून त्याला दुसऱ्यांदा बदक वाढलं. देवावर विश्वास नसलेला पाद्री बघायला दर रविवारी शहरातून माणसं येऊ लागली. चर्चमध्ये इतकी गर्दी गावाने कधी पाहिली नव्हती.

मग वसंत आला. एके सकाळी एडमंड मातीने भरलेल्या गुडघ्यांनिशी धावतच स्वयंपाकघरात शिरला.

"थर्झा, परत आला!"

"कोण? टॅपलीबाईंचा बोकड?"

"अगं, विश्वास! वाटाणे पेरत होतो. वर चंडोल गात होता. एकदम वाटलं, आहे. देव आहे. संपलं!"

थर्झा मटकन खुर्चीत बसली आणि रडू लागली. आनंदाश्रूच असणार, असं समजून त्याने तिचे खांदे धरले.

"अहो," ती नाक पुसत म्हणाली, "माझा गेला."

"काय गेलं?"

"विश्वास. तुमच्या कविता उतरवता उतरवता. मी पुष्कळ प्रयत्न केला हो, पण तुम्ही फारच पटवून लिहिता."

एडमंडचा चेहरा पांढराफटक पडला. पण पाठोपाठ त्यावर एक निराळीच लकाकी आली, ती थर्झाच्या नजरेतून सुटली नाही.

"कुठल्या ओळीने?" त्याने हळूच विचारलं.

तिने पोळपाटावरचं लाटणं त्याच्याकडे उगारलं. तरी कविता कुठली ते सांगितलंच.

पुढच्याच आठवड्यात प्रकाशक कडवर्थ नवा संग्रह मागायला आला. एडमंडने उमलत्या फुलांच्या आणि कृपेच्या कविता वाचून दाखवल्या. कडवर्थने टोपी मांडीवर घेतली.

"पाद्रीबाबा, रागावू नका. श्रद्धेची पुस्तकं माझ्या गोदामात उंदीर वाचतात. आपल्याला लोक पानगळीसाठी ओळखतात. थोडी पानं गाळा की!"

"आता मला खोटं लिहवणार नाही."

"काही कविता आत राहिल्यात," थर्झा मधेच म्हणाली, आणि आतून तिने स्वतः गुपचूप लिहिलेल्या, नवऱ्याच्या म्हणून आणून दिल्या. कडवर्थ वाचता वाचता रुमाल शोधू लागला.

दुसरा संग्रह पहिल्याहून जास्त गाजला. पुस्तक एडमंडच्या नावावर होतं, त्यामुळे कवितेत शंकेने पोखरलेला नवरा ती स्वतः झाली, आणि देव सापडलेल्या नवऱ्याला भाविक बायको करणं तिला भाग पडलं. बायकोचं चित्रण यावेळी फारच हुबेहूब उतरलंय, असं समीक्षकांनी लिहिलं. इकडे एडमंड भरल्या गळ्याने, मनापासून प्रवचन देई, तेव्हा शहरातले लोक कुजबुजत, "बिचारा! आतलं दुःख किती लपवतो!"

तो रोज सकाळी थर्झासाठी प्रार्थना करी, गुडघे टेकून, तिला ऐकू जाईल अशी. तिला त्यातलं काही पटत नसे. पण आपलं नाव तो कसं घेतो, ते ती कान देऊन ऐके, आणि त्याचं आमेन झाल्याशिवाय चहा ओतत नसे.