सगळी कपाटं उघडा

"हिराताई, हा वास कसला?"

आमोद सर वरच्या मजल्यावर जिन्यापाशी थांबले होते. रुमाल नाकाला होता. हिराने हातातल्या चादरी कठड्यावर ठेवल्या.

"सकाळी फिनेल मारलंय, सर."

"फिनेलला माशाचा वास कधीपासून यायला लागला?"

हिराने चादरींच्या घड्या नीट केल्या. विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्याच्या आत असलेल्या त्या प्रशिक्षण संस्थेच्या वसतिगृहात ती ठेकेदाराकडून साफसफाईला होती. संस्था एका ट्रस्टची. आवारात मांस-मच्छी चालत नाही, अशी पाटी फाटकावर होती, तशीच भोजनगृहातही. मागच्या वर्षी तिच्याबरोबर साफसफाई करणाऱ्या चंपाच्या डब्यात उकडलेली अंडी निघाली, तर ठेकेदाराने तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितले. हिराच्या घरात कमावणारी ती एकटी.

सध्या गरीब देशांतले कस्टम्सचे अधिकारी आले होते. श्रीमंत देशांच्या मदतीच्या पैशातून त्यांचा वर्ग चालला होता. सरहद्दीवर माल अडकून पडू नये, कागद कमी लागावेत, असे शिकवत. आमोद सर इंग्रजीत शिकवत आणि हसवत; वसतिगृहाची देखरेखही त्यांच्याकडेच होती. "ओपन एव्हरी बॉक्स? नो!" हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत, की चहा द्यायला जाणाऱ्या हिरालाही ते पाठ झाले होते. ज्याचा संशय येईल तेवढेच खोके उघडायचे, बाकीचे जाऊ द्यायचे, असा त्याचा अर्थ असल्याचे तिला ऑफिसातल्या कारकुनाने सांगितले होते.

सात नंबरच्या खोलीत मलावीच्या चिकोंडीबाई होत्या. पन्नाशीच्या, अंगाने थोराड. भोजनगृहातली पनीरची भाजी त्यांच्या घशाखाली उतरेना. आल्यापासून त्या केळ्यांवर आणि बिस्किटांवर होत्या. "मॅडम, नो ईटिंग?" असे हिराने विचारले, तेव्हा त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. तळ्याकाठी मांडवावर वाळत घातलेली बारीक मासळी. त्यांच्या सरहद्दीवरच्या नाक्यावरून बायका तीच टोपलीत भरून पलीकडच्या देशात विकायला नेत. नाक्यावर एकामागून एक तीन टेबले. प्रत्येक टेबलावर टोपली रिकामी करायची, पुन्हा भरायची. शेवटी मासळीचा भुगा होई.

"थ्री टेबल्स," चिकोंडीबाई बोटे दाखवून म्हणाल्या. "आय वॉन्ट वन."

तेवढ्यासाठी त्या इतक्या लांब आल्या होत्या. स्वतःसाठी आणलेली मासळीची पुडी मात्र वाटेत विमानतळावर काढून घेतली गेली. हे हातवारे करून सांगताना त्या इतक्या हसल्या, की डोळे पुसावे लागले.

"ही तर सुकट!" फोटो बघून हिरा म्हणाली होती. काल तिने ती घरून करून आणली. कांदा-मिरचीवर परतलेली, सोबत भाकरी.

"अहो, ट्रस्टी दुपारी यायचेत," आमोद सर म्हणाले. "किल्ल्या काढा. सगळी कपाटं उघडा."

"सगळी?"

"सगळी. एकाचंच उघडलं तर त्यांच्या वकिलातीतून फोन येईल."

वर्गाला सुट्टी झाली होती. पाहुणे आपापल्या दारात येऊन उभे राहिले. मागून कुणीतरी हळूच म्हणाले, "ओपन एव्हरी बॉक्स?" हशा पिकला. आमोद सरांचे कान लाल झाले.

हिरा एकेक कपाट उघडत गेली. शर्ट, चपला, मुलांसाठी घेतलेली खेळणी. तिने घाई केली नाही, उशीरही लावला नाही. सात नंबरच्या कपाटात टॉवेलखाली स्टीलचा डबा होता.

"माइन," चिकोंडीबाई पुढे होऊन म्हणाल्या. "फ्रॉम होम."

आमोद सरांनी डबा उचलून खिडकीपाशी नेला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरले होते. सौ. हिरा रामदास ओव्हाळ. लग्नात मामाने दिलेला डबा. रामदास आता नव्हता, पण नाव तसेच होते.

सरांनी आवाज खाली आणला.

"हिराताई, तुमचा डबा हरवला होता ना?"

हिरा त्यांच्याकडे बघत राहिली.

"हरवला होता म्हणा. यांनी कुठून तरी उचलला असेल. त्या चार दिवसांनी जातील. तुम्हाला इथंच राहायचंय."

त्यांच्या बोलण्यात नेहमीची खोच नव्हती. चिकोंडीबाईंना त्यातले काही कळत नव्हते. त्या एकदा सरांकडे, एकदा हिराकडे बघत होत्या.

"मग त्या चोर ठरतील, सर."

"नीट विचार करा."

"हरवला नव्हता. मीच दिला. भाकरी पण माझीच."

"किल्ल्या ठेवा तिथं," आमोद सर टेबलाकडे बघत म्हणाले. "ठेकेदाराशी मी बोलतो."

हिराने कमरेचा जुडगा काढला आणि टेबलावर ठेवला.

चिकोंडीबाईंनी तो जुडगा पाहिला. मग त्यांनी सरांच्या हातातून डबा घेतला. पलंगाच्या कडेला बसल्या, झाकण काढले, उरलेली शिळी भाकरी मोडली आणि सुकटीबरोबर खाऊ लागल्या. सावकाश, नीट चावून. वास खोलीभर झाला. दारातली माणसे बोलायची थांबली. "मॅडम," आमोद सर एकदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

हिराने जगमधले पाणी पेल्यात ओतून बाईंच्या हाताशी ठेवले. मग भिंतीशी जाऊन उभी राहिली, डबा रिकामा व्हायची वाट बघत.